नागपुरातील मोटारदुरुस्ती आणि ग्राहकाची तक्रार : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

मोटारीचा इतिहास बहुधा कारखान्यांचा, रस्त्यांचा आणि शासकीय धोरणांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. मोटार बंद पडल्यानंतर काय घडते, हा प्रश्न त्यात क्वचितच उपस्थित होतो. वस्तुतः मध्यमवर्गीय मोटारमालकाच्या अनुभवाचा मोठा भाग गॅरेजमध्येच घडतो. ठरलेल्या दिवशी गाडी न मिळणे, दुरुस्तीनंतर तोच दोष पुन्हा उद्भवणे, अंदाजपत्रकापेक्षा अधिक रक्कम मागितली जाणे आणि बदलला म्हणून सांगितलेला भाग खरोखर बदलला की नाही याविषयी शंका राहणे, या तक्रारी पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येतात. प्रस्तुत लेखात नागपूर शहराच्या संदर्भात या तक्रारीचा मागोवा घेतला आहे. मोटारमालकाची हतबलता कायम राहिली, मात्र तिचे कारण बदलत गेले, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

१. दोन कारखान्यांच्या मध्ये असलेले शहर

मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी असल्यामुळे नागपुरात सरकारी अधिकारी, वकील, डॉक्टर आणि व्यापारी यांच्याकडे मोटारी आल्या. १९५६ मध्ये राज्य पुनर्रचनेमुळे शहराचे राजधानीपद गेले. परंतु उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम महामार्ग येथेच एकमेकांस छेदत असल्याने वाहतुकीचे केंद्र म्हणून शहराचे स्थान टिकून राहिले.

१९५३ च्या धोरणानुसार, देशातच टप्प्याटप्प्याने उत्पादन करण्याचा कार्यक्रम नसलेल्या जुळणी-कंपन्यांना काम गुंडाळावे लागले. त्यामुळे जनरल मोटर्स व फोर्ड यांनी येथील जुळणी बंद केली. त्यानंतर सर्वसामान्य मोटारमालकापुढे मुख्यतः दोन पर्याय उरले : मुंबईतील कुर्ला येथे तयार होणारी प्रीमिअर ऑटोमोबाइल्सची फियाट आणि कोलकात्याजवळील उत्तरपाडा येथील हिंदुस्थान मोटर्सची अ‍ॅम्बेसेडर. नागपूर मुंबई-हावडा लोहमार्गावर आहे. मुंबई येथून सुमारे ८४० किलोमीटर, तर हावडा सुमारे १,१३० किलोमीटर. दोन्ही कारखान्यांशी शहर रेल्वेने जोडलेले होते. तथापि दोन्ही कारखाने तितकेच दूरही होते. १९८३ पूर्वी देशातील मोटारींचे वार्षिक उत्पादन पन्नास हजारांच्या आत होते. नवी मोटार मिळण्यासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. साहजिकच जुनी गाडी चालती ठेवणे ही हौस नव्हती, ती अपरिहार्यता होती. स्पर्धा नसल्यामुळे कारखान्यांना गुणवत्ता सुधारण्याची निकड नव्हती आणि उत्पादनातील उणिवा गॅरेजमध्ये निस्तरल्या जात.

२. उस्तादाचे ज्ञान

या काळातील दुरुस्तीचा आधारस्तंभ म्हणजे मिस्त्री अथवा उस्ताद. त्याचे शिक्षण कामावरच होई. लहान वयात पाने देण्यापासून सुरुवात करून मुलगा यथावकाश इंजिन उघडण्यापर्यंत पोहोचे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधील मोटार मेकॅनिक हा अभ्यासक्रम आणि १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा यांमुळे औपचारिक शिक्षणाची वाट खुली झाली. परंतु खासगी गॅरेजमध्ये उस्ताद-शागीर्द परंपराच प्रभावी राहिली.

ही परंपरा टिकण्यामागे एक तांत्रिक कारण होते. अ‍ॅम्बेसेडर १९५७ पासून २०१४ पर्यंत मूळ रचनेत फारसा फरक न होता तयार होत राहिली आणि फियाटचीही मूळ रचना दीर्घकाळ तशीच होती. एकदा हस्तगत केलेली विद्या मिस्त्रीला जन्मभर पुरत असे. आवाज ऐकून दोष ओळखणे, कार्बोरेटर साफ करणे, प्लग-पॉइंट जुळवणे, झिजलेला भाग लेथवर नव्याने घडवणे ही कामे मालकाच्या डोळ्यांदेखत होत. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. अशा वेळी पेट्रोलची इंधननळीतच वाफ होऊन गाडी बंद पडे. इंधनपंपावर ओले फडके गुंडाळण्याचा साधा उपाय मालकालाही ठाऊक असे. दोष त्रासदायक होता, पण तो समजण्याजोगा होता.

तथापि या व्यवस्थेचे उदात्तीकरण करणे योग्य ठरणार नाही. सुटे भाग दुर्मिळ असल्याने गाडी दिवसेंदिवस गॅरेजमध्ये पडून राही. अस्सल भागाच्या नावाखाली बनावट भाग बसवला जाण्याची भीती असे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सारा व्यवहार तोंडी होता. याउलट, राज्य परिवहन महामंडळाची हिंगणा येथील मध्यवर्ती कार्यशाळा म्हणजे संघटित दुरुस्तीव्यवस्था. सार्वजनिक संस्थेच्या कामात नोंदी आणि हिशेब अटळ असतात. त्याच शहरातील खासगी मोटारमालकाच्या हाती मात्र बहुधा साधी पावतीही नसे. विश्वास होता तोवर व्यवहार सुरळीत चाले. विश्वास तुटला की ग्राहकाजवळ काहीच उरत नसे.

३. सुटे भाग आले, ज्ञान दुरावले

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि १९९१ नंतरच्या उदारीकरणात अनेक विदेशी कंपन्यांनी प्रवेश केला. अधिकृत सेवा केंद्रे, छापील जॉबकार्ड आणि वॉरंटी यांचा परिचय नागपूरच्या ग्राहकाला झाला. पुढे प्रदूषणाचे निकष कठोर होत गेले, तसे कार्बोरेटरच्या जागी संगणक-नियंत्रित इंधनप्रणाली आली. एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ निकष देशभर लागू झाल्यावर ही गुंतागुंत आणखी वाढली. आता दोष कानाने नव्हे, तर निदानयंत्राने ओळखला जाऊ लागला आणि हे यंत्र सर्वांच्या हाती नव्हते.

या परिस्थितीची अधिकृत दखल भारतीय स्पर्धा आयोगाने घेतली. २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशाने आयोगाने १४ मोटार कंपन्यांना एकूण सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. अस्सल सुटे भाग आणि निदानाची साधने स्वतंत्र गॅरेजना खुल्या बाजारात उपलब्ध करून दिली जात नाहीत, असा त्यातील मुख्य निष्कर्ष होता. एकेकाळी कारखान्याच्या उणिवा भरून काढणारा उस्ताद आता कारखान्याच्याच माहितीवर अवलंबून झाला. मालकाची स्थिती तर अधिकच अवघड झाली. सेवा केंद्रात त्याला काचेपलीकडे बसवले जाते आणि दोषाचे वर्णन त्याला यंत्राच्या छापील कागदावरून कळते.

४. कायदा आणि पुराव्याचा भार

दुरुस्तीसाठी दिलेली मोटार कायद्याच्या दृष्टीने 'निक्षेप' ठरते. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १५१ नुसार गॅरेजमालकाने तिची वाजवी काळजी घेतली पाहिजे. त्याच कायद्याचे कलम १७० त्याला केलेल्या कामाचा मोबदला मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवण्याचा अधिकार देते. येथे मूलभूत विषमता दिसते. गॅरेजमालकाचा उपाय न्यायालयात न जाता अमलात येतो. ग्राहकाला मात्र दाद मागावी लागते.

१९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीची स्थापना केली. महाराष्ट्रातील या चळवळीने ग्राहकहिताच्या कायद्याची मागणी लावून धरली. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने जिल्हा स्तरावर दाद मागण्याची सोय झाली. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स निर्णयात, उपजीविकेसाठी स्वतः वाहन चालवणाराही ग्राहक ठरू शकतो, असे स्पष्ट केले. रिक्षा व टॅक्सीचालकांसाठी हा निर्णय महत्त्वाचा होता.

तरीही प्रत्यक्ष दाद मिळवणे कठीणच राहिले. तपासणीविना न कळणारा वस्तूतील दोष मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून तपासून घेण्याची तरतूद कायद्यात आहे. परंतु वारंवार दुरुस्त झालेल्या गाडीत मूळ दोष कोणता आणि दुरुस्तीतून उद्भवलेला कोणता, हे वेगळे करणे सोपे नसते. मारुती उद्योगासंबंधीच्या २००६ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने, वॉरंटीत सदोष भाग बदलण्याची हमी असताना संपूर्ण गाडी बदलून देण्याचा आदेश योग्य ठरत नाही, अशी भूमिका घेतली. ग्राहकाला नवी गाडी नव्हे, तर नवा क्लच मिळाला.

जुलै २०२० मध्ये अमलात आलेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सेवेचे बिल वा पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आणि सदोष सेवेबाबत उत्पादन-दायित्वाची तरतूद केली. केंद्र शासनाने डिसेंबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'दुरुस्तीचा अधिकार' संकेतस्थळात मोटार क्षेत्राचाही समावेश आहे. या तरतुदींचा रोख माहिती आणि नोंद या दोन उणिवांवर आहे, हे लक्षणीय होय.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) १९८३ पूर्वी नागपूरच्या मोटारमालकाची अडचण सुट्या भागांच्या टंचाईची होती, नंतर ती प्रामुख्याने माहितीच्या टंचाईची झाली.

२) उस्ताद हा या इतिहासातील केवळ आरोपी नाही. बदललेल्या तंत्रज्ञानात ज्ञानापासून दुरावलेला तोही एक घटक आहे.

३) दोन्ही कालखंडांत पुराव्याचा भार ग्राहकावरच राहिला. म्हणून लेखी अंदाजपत्रक, कामाची तपशीलवार नोंद, पावती आणि काढलेला जुना भाग परत मागणे या साध्या वाटणाऱ्या गोष्टींना न्यायाच्या दृष्टीने मोठे मोल आहे.

४) नागपुरात अभियांत्रिकी आणि विधी शिक्षणाची दीर्घ परंपरा आहे. येथील संस्थांनी वाहनदोषांची निःपक्ष तपासणी आणि ग्राहकांना कायदेशीर मार्गदर्शन या कामांत पुढाकार घेतल्यास, गाडी बिघडण्याचे प्रसंग टळणार नाहीत. पण बिघाड कोणामुळे झाला, या प्रश्नाचे उत्तर देण्याचे ओझे एकट्या मोटारमालकावर राहणार नाही.