प्लेगातल्या गिरण्या आणि अडकवलेला पगार

गेल्या महिन्यात धाकट्या भावाने मला एक फॉर्म पाठवला. तो भिवंडीत अब्बांचा कारखाना बघतो, चोवीस यंत्रमागांचा. एका मोठ्या खरेदीदार कंपनीला कापड द्यायचं तर आधी हा फॉर्म भरून द्यावा लागतो. "भाईजान, लिहिण्याचं काम तुमचं, तुम्हीच भरा," म्हणाला.

आठ पानं होती. पूर आला, आग लागली, साथ आली, दंगल झाली, वीज गेली तर उत्पादन किती दिवसांत पुन्हा सुरू कराल? त्यापुढे रकाने. जनरेटर किती क्षमतेचा, सुताचा साठा किती दिवसांचा, दुसरं गोदाम कुठे, विमा कितीचा, हिशेबाची दुसरी प्रत कुठे ठेवता. हे सगळे प्रश्न योग्यच आहेत. मजुरांबद्दल मात्र आठ पानांत एकच ओळ होती: पर्यायी मनुष्यबळाचा स्रोत. मी तिथेच अडकलो. कारण हाच प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरणीमालकांपुढे आला होता, आणि त्यांच्याकडे त्याचं एक तयार उत्तर होतं. ते उत्तर काही आठवड्यांत कोसळलं.

प्लेग म्हटलं की मराठी वाचकाला पुणं आठवतं. रँड, चापेकर, २२ जून १८९७. ते साहजिक आहे. पण प्लेग आधी मुंबईत आला. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोवेकर डॉक्टरांनी तो ओळखला. मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे, जाणारे-येणारे त्याकडे क्वचितच बघतात. मांडवी म्हणजे बंदरालगतची धान्याची गोदामं. धान्य तिथे उंदीर, आणि उंदीर तिथे पिसवा. अर्थात उंदरावरच्या पिसवांमुळे रोग माणसाला होतो हे तेव्हा डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. घाण, दमट हवा आणि दाटीवाटी यांनाच सगळे दोष देत होते.

१८९१ च्या खानेसुमारीप्रमाणे मुंबईची वस्ती आठ लाख वीस हजारांच्या आसपास होती. फेब्रुवारी १८९७ संपेपर्यंत त्यातली पावणेचार लाखांहून जास्त माणसं शहर सोडून गेली, असा तेव्हाचा अंदाज आहे. जवळजवळ निम्मं शहर! पहिल्या हंगामात प्लेगने नोंदलेले मृत्यू दहा हजारांवर होते. म्हणजे रोगाने जितकी माणसं नेली त्याच्या कितीतरी पट माणसं भीतीने गेली. बोटी भरून लोक रत्नागिरीकडे निघाले, गाड्या भरून घाटावर. मुंबईहून निघणारी हजची जहाजंही त्या साली सरकारने बंद केली. त्यावर पोट असलेले दलाल, मुसाफिरखानेवाले, भटारखानेवाले यांचा हंगाम बुडाला. परदेशी बंदरांत मुंबईच्या बोटींना क्वारंटाइन लागलं.

आता गिरण्यांकडे येऊ. तेव्हा मुंबईत सत्तरेक कापड गिरण्या होत्या आणि त्यांत सत्तर हजारांहून जास्त कामगार. बहुतेक कोकणातले, विशेषतः रत्नागिरी जिल्ह्यातले. गिरण्यांचं मोठं गिऱ्हाईक चीन, तिथे मुंबईचं सूत जाई. त्या धंद्याला १८९३ पासून चांदीच्या भावाने आधीच धक्का दिला होता.

मालकांना कामगार पळून जाण्याची भीती नवी नव्हती. सुगीला, लग्नसराईला, शिमग्याला माणसं गावी जात आणि केव्हा परत येतील याचा नेम नसे. त्यावर मालकांनी एक बंदोबस्त करून ठेवला होता. महिन्याचा पगार महिना संपल्यावर लगेच द्यायचा नाही, पुढच्या महिन्याच्या मध्याला द्यायचा. त्यामुळे कोणत्याही दिवशी पाहिलं तरी कामगाराचे निदान दोन आठवड्यांचे, आणि पगाराच्या आदल्या दिवशी सहा आठवड्यांचे पैसे गिरणीकडे अडकलेले असत. न सांगता गेला तर ते बुडाले. कामगाराने तोवर खायचं काय? वाण्याकडची उधारी, मारवाडी-पठाणाचं व्याज, नाहीतर जॉबरची मेहेरबानी. पण मालकांच्या दृष्टीने ही पक्की बेडी होती. आजच्या फॉर्मच्या भाषेत म्हणायचं तर उत्पादन अखंड चालू ठेवण्याची हीच त्यांची योजना. जनरेटरपेक्षा स्वस्त, कारण तिचा खर्च कामगारच उचलत होता.

प्लेगात या बेडीचं काय झालं? जोवर माणसाला महिन्याअखेरपर्यंत जगण्याची खात्री असते, तोवर अडकलेला पगार त्याला धरून ठेवतो. शेजारच्या खोलीतून रोज मयत निघू लागलं की सहा आठवड्यांचा पगार म्हणजे काहीच नाही. लोकांनी तो सोडून दिला आणि बोट पकडली. आणखी एक गोष्ट झाली, तिचा मालकांनी विचारच केला नव्हता. जे मागे राहिले त्यांनाही कळलं की आपण आता दुर्मीळ आहोत. ते म्हणाले, आजच्या कामाचे पैसे आज संध्याकाळी. उद्याचं उद्या.

इथून पुढचा भाग मला फार आवडतो. गिरणीमालकांची संघटना होती, १८७५ पासूनची. तिने एकजूट ठेवायचा प्रयत्न केला. कोणी रोजाने पैसे द्यायचे नाहीत, एकमेकांची माणसं फोडायची नाहीत. ही एकी टिकली नाही. ज्याच्याकडे चीनच्या मालाची ऑर्डर अडली होती तो आधी फुटला, मग बाकीचे. गिरण्यांचे जॉबर सकाळी नाक्यानाक्यावर उभे राहून कामगारांसाठी बोली लावू लागले. आज कुठला भाव जास्त ते पाहून कामगार त्या गिरणीत शिरायचा आणि संध्याकाळी रोख घेऊन घरी. मुंबईच्या कामगारांच्या इतिहासात असे दिवस फार थोडे आले असतील.

काही गिरण्यांनी शहराबाहेर झोपड्यांची वसाहत घालून माणसं हलवली. संघटनेत उत्तर हिंदुस्थानातून मजूर आणण्याच्या योजनेचीही चर्चा झाली. जमशेटजी टाटांनी ती कल्पना प्लेगच्या आधीच, १८९२ मध्ये मांडली होती. म्हणजे 'पर्यायी मनुष्यबळाचा स्रोत' हा रकाना तेव्हाही होता. पण जिथे प्लेग आहे त्या शहरात परका माणूस कशाला येईल? त्या हंगामात गिरण्यांची चाकं जी काही फिरली ती बहुतांशी रोजच्या रोख पैशावर फिरली.

पैशाखेरीज आणखी एक गोष्ट लागत होती, ती म्हणजे भरवसा. ती नसली तर काय होतं ते मदनपुऱ्याने दाखवलं. मदनपुरा म्हणजे जुलाह्यांची, आम्हा मोमिन विणकरांची वस्ती. आमचे पणजोबा आझमगडहून आधी तिथेच उतरले आणि नंतर भिवंडीला आले, असं घरात सांगतात. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा आला, मार्चमध्ये जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग कमिटी बसली आणि घरोघर झडत्या सुरू झाल्या. आजारी माणसाला उचलून इस्पितळात, घरच्यांना छावणीत. इस्पितळात गेलेला परत येत नाही ही लोकांची समजूत होती, आणि आकडे पाहिले तर ती फारशी चूकही नव्हती. ९ मार्च १८९८ ला रिपन रोडवर झडतीच्या पथकाने एका आजारी मुलीला तपासायचा आग्रह धरला. घरच्यांनी नकार दिला, जमाव जमला, गोळीबार झाला, दंगल पसरली. तिच्या पाठोपाठ गोदीतल्या आणि रेल्वेच्या मजुरांनी, बैलगाडीवाल्यांनी काम बंद केलं. बंदराचा माल हलेना. दीड वर्ष प्लेगने जे केलं नव्हतं ते सरकारच्या उपायांनी दोन दिवसांत केलं.

त्यानंतर सरकार नरमलं. जमातींच्या पुढाऱ्यांना विचारून नियम बदलले. बायकांच्या तपासणीत पडदा सांभाळला जाऊ लागला, जातीजमातींनी चालवलेल्या इस्पितळांना मोकळीक मिळाली. हाफकिनने १० जानेवारी १८९७ ला स्वतःला लस टोचून घेतली होती, तरी लोक तिला घाबरत. आगाखान तेव्हा विशीतले होते. त्यांनी चारचौघांत लस टोचून घेतली, आणि मग खोजा जमातीतली हजारो माणसं पुढे आली. आपल्याकडे या साऱ्याची गणना 'मुसलमानांचा लशीला विरोध' अशा एका वाक्यात होते. त्याच शहरात, त्याच वर्षांत एका वस्तीने दगड उचलले आणि दुसऱ्या जमातीने बाह्या वर केल्या. दोघांमधला फरक धर्माचा नव्हता. सुई घेऊन समोर कोण आलं आणि कसं आलं, याचा होता.

पावसाळ्यात प्लेग ओसरला, माणसं परतली. मालकांनी पहिलं काम काय केलं असेल? रोजंदारी बंद करून पगार पुन्हा महिन्यावर आणि मागे ढकलला. त्यावरून कुरबुरी झाल्या, काही गिरण्यांत संप झाले, पण जुनी रीत परत आली. पुढे जवळजवळ चार दशकं ती चालली. पगार किती दिवसांत द्यायचा याचा कायदा १९३६ चा. हजारापेक्षा कमी कामगार असतील तर मुदत संपल्यावर सात दिवसांत, त्याहून जास्त असतील तर दहा, अशी त्यात तरतूद होती. प्लेगाने शिकवलेली गोष्ट कायद्याच्या पुस्तकात यायला एवढी वर्षं लागली. आणि कायद्यात आली म्हणून भिवंडीत आली असं मुळीच नाही.

आता मला स्वतःबद्दल लिहायला हवं. त्याशिवाय हा लेख म्हणजे दुसऱ्यांच्या चुका मोजणं होईल.

भिवंडीत मागवाल्यांचा हिशेब पंधरवड्याने होतो. जितकं कापड विणलं तितकी मजुरी. अब्बांच्या काळी हिशेब झाला की त्याच संध्याकाळी वाटप. मजुरीबद्दल त्यांनी मशिदीत जे ऐकलं होतं ते ते शब्दशः पाळत. त्यांच्या माघारी कारखाना भावाकडे आला तेव्हा ईदला गावी गेलेली माणसं महिनामहिना परतत नसत आणि माग बंद पडत. मी तेव्हा त्याला सल्ला दिला: एक पंधरवडा मागे ठेव. सगळे ठेवतात. पैसे अडकले की माणूस परत येतो. हे मी दिलेलं शहाणपण. गिरण्यांचा इतिहास मी तेव्हाही वाचला होता, हे अधिक वाईट.

२४ मार्च २०२० च्या रात्री लॉकडाऊन जाहीर झाला. महाराष्ट्रात त्याआधी काही दिवस जो कायदा लागू केला होता, तो तोच, १८९७ चा. माग थांबले. सूत व्यापाऱ्याकडचं, कापड गोदामात, व्यापाऱ्याचे पैसे येणं बंद. भिशी आठ-दहा दिवस चालली. आमच्याकडे भिशी म्हणजे फंड नव्हे, मजुरांची खाणावळ. ती चालवणाऱ्या बाईंचेच पैसे थकले तेव्हा चूल थंडावली. आमच्याकडे एकवीस माणसं होती आणि प्रत्येकाचा एक पंधरवडा भावाकडे होता. त्याने देऊ म्हटलं, पण बँकेत होते ते निम्म्यांना पुरले. बाकीच्यांनी वाट पाहिली नाही. कोणी नाशिक हायवेने चालत निघाले, कोणाला मेमध्ये भिवंडी रोडवरून गोरखपूरची गाडी मिळाली. बेडी काही कामाला आली नाही. १८९७ सारखीच ती पहिल्या झटक्यात तुटली, आणि वर आम्हाला कर्जदार करून गेली.

गल्लीतला दुसरा एक कारखाना आमच्यापेक्षा लहान. त्याचा मालक दर शनिवारी हिशेब पुरा करायचा, आम्ही त्याला हसायचो. ऑगस्टमध्ये त्याचे माग आमच्या आधी सुरू झाले. त्याची माणसं गावाहून फोन करून विचारत होती, सेठ, केव्हा येऊ? आमच्या माणसांचे फोनही येत होते, ते मागच्या पैशांसाठी.

पुढच्या दोन वर्षांत भावाने बहुतेकांचे पैसे पोचवले. कोणी परत आलं, कोणाच्या खात्यात टाकले, कोणाच्या भावाजवळ दिले. आता तो शनिवारी वाटप करतो. फॉर्मच्या त्या ओळीत मी लिहिलं: मजुरांची कोणतीही रक्कम कारखान्याकडे बाकी ठेवली जात नाही. कंपनीकडून उलट विचारणा आली, हे उत्तर प्रश्नाला धरून नाही, कृपया मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराचं नाव द्यावं. भावाने एका ठेकेदाराचं नाव टाकलं आणि फॉर्म मंजूर झाला.

मेहताजींच्या जुन्या वहीत मार्च २०२० च्या पानावर अजून तीन नावं आहेत, समोर आकडे आहेत आणि सहीची जागा मोकळी आहे. तिघांचेही नंबर आता लागत नाहीत. त्यांतला एक मऊचा आहे. त्या बाजूला कोणी जाणारं भेटलं की भाऊ त्याच्याजवळ निरोप देतो.