घरगुती पत्रांतले युद्ध

इंग्लंडच्या गादीवर 1714 ते 1830 या काळात जॉर्ज नावाचे चार राजे लागोपाठ आले, म्हणून त्या कालखंडास जॉर्जियन युग म्हणतात. त्याच्या उत्तरार्धात, 1793 पासून 1815 पर्यंत, अधलेमधले अल्प तह वगळता फ्रान्सशी युद्ध चालूच होते. कादंबरीकार जेन ऑस्टिनची सुमारे 160 पत्रे आज उपलब्ध असून त्यांतील बहुतेक याच वर्षांतली आहेत. त्यांत लढायांपेक्षा टोप्या, पाहुणे आणि मेजवान्याच अधिक आढळतात, म्हणून तिला युद्धाचे सोयरसुतक नव्हते असे मानणे मात्र उतावळेपणाचे ठरेल.

तिचे दोन भाऊ, फ्रान्सिस आणि चार्ल्स, आरमारात होते. त्यामुळे युद्ध या घरात शिरले ते रजा, बढती आणि पैसा यांच्या रूपाने. शत्रूचे जहाज पकडल्यास त्याच्या किमतीतून अधिकाऱ्यांना व खलाशांना वाटा मिळत असे. 1801 मध्ये अशा वाट्याचे 30 पौंड हाती येताच चार्ल्सने दोघी बहिणींसाठी सोन्याच्या साखळ्या आणि पुष्कराजाचे क्रूस घेतले, आणि जेनने या उधळपट्टीबद्दल त्याला लटके बोल लावले.

श्रीमंत नातलगांना दत्तक गेलेला भाऊ एडवर्ड केंट परगण्यात गॉडमर्शम येथील वाड्यात राही. कुलीन स्त्रीने एकटीने प्रवास करणे शिष्टसंमत नसल्याने तिथला मुक्काम भावांच्या सवडीनुसार लांबे. 1813 च्या शरदात जेन तिथे असताना चार्ल्स बायकामुलींसह आला. त्याचे जहाज थेम्सच्या मुखाशी नांगरलेले असून कुटुंब जहाजावरच राहत होते. थोरल्या मुलीला बोट लागत असे, तेव्हा हिवाळ्यात तिला नातलगांकडे जमिनीवर ठेवावे की कसे, आणि आईचा जीव त्याला कसा तयार होत नाही, हे जेनने थोरली बहीण कॅसान्ड्रा हिला सविस्तर कळवले. पुढच्याच वर्षी ती आई बाळंतपणानंतर त्याच जहाजावर वारली.

स्पेनमधील अल्बुएराच्या लढाईनंतर, 1811 मध्ये, मृतांत जिव्हाळ्याचे कोणी नाही याबद्दल जेनने व्यक्त केलेला सुटकेचा भाव अनेकांना निर्दय वाटतो. वस्तुतः ज्या घरातले दोघे रोज धोक्यात आहेत, त्या घराचा तो हिशेब आहे.

कॅसान्ड्राचा वाग्दत्त वर 1797 मध्ये वेस्ट इंडिजच्या मोहिमेत धर्मोपदेशक असताना पीतज्वराने मरण पावला. तिने उतारवयात जेनची अनेक पत्रे नष्ट केली. 1797 सालचे एकही पत्र आज शिल्लक नाही.