केडगावचा मळा : मुक्कामाची एक शाळा

भांडगावाहून सोलापूरच्या सडकेने निघाले की पुढे चौफुला लागतो आणि तेथून केडगाव काही लांब नाही. हा सारा दौंड तालुक्याचा मुलूख. आज कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा दिसतो, त्यामुळे मुलांना वाटते, हे रान पहिल्यापासून असेच हिरवे. मूळचा हा कमी पावसाचा, माळरानाचा प्रदेश. पाणी म्हणजे काय, हे इथे पुस्तकातून शिकवावे लागत नसे.

अलीकडे शहरातल्या शाळा मुलांना दोन-चार दिवस रानात मुक्कामाला नेतात. त्याला निसर्ग शिबीर म्हणतात. ही कल्पना बाहेरून आली असे पुष्कळांना वाटते. पण मुलांनी जमिनीवर राहावे आणि तिच्यापासूनच शिकावे, असा एक प्रयोग याच तालुक्यात सव्वाशे वर्षांपूर्वी झाला. पर्यावरण हा शब्द तेव्हा शाळेत कुणी उच्चारत नव्हते.

पंडिता रमाबाईंनी 1889 साली मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यास आणले. सदनाच्या खर्चाला हातभार लागावा म्हणून त्यांनी केडगावला जमीन घेतली. बेत होता फळबागेचा. इतक्यात 1896-97 चा दुष्काळ पडला. बाई मध्यप्रांतात गेल्या आणि उपासमारीत सापडलेल्या सुमारे तीनशे मुलींना घेऊन आल्या. इकडे पुण्यात प्लेग. एवढ्या मुली शहरात ठेवायच्या कुठे? तेव्हा हा मळाच शाळा झाला. आरंभी पक्क्या इमारती नव्हत्या. विहिरी खणल्या, बाग धरली, गुरे पाळली. 1900 च्या सुमारास तेथे दीड हजार माणसे आणि शंभरावर गुरे होती. मुली लिहिणे-वाचणे शिकत, तशाच शेती, दूधदुभते, विणकाम आणि घाण्यावर तेल काढणेही शिकत.

बाईंना हे सुचले कसे? त्यांचा जन्म 1858 साली गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री तेथे विद्यार्थी जवळ ठेवून शिकवीत. पुढे यात्रेत सारे कुटुंब पायी हिंडले आणि आईबाप दुष्काळातच गेले. अमेरिकेत असताना त्यांनी फ्रोबेलची बालोद्यान-पद्धती अभ्यासली. त्या पद्धतीत मूल स्वतः वाफा राखते. मुलींच्या अभ्यासक्रमात त्यांनी वनस्पतिशास्त्र घातले, ते उगीच नव्हे.

आता हेही सांगितले पाहिजे की त्या मुली हौसेने आलेल्या नव्हत्या. काम केले नाही तर चूल पेटायची नाही, अशी स्थिती. धर्मांतरावरून वादही झाला, त्याच्या खोलात आज जात नाही. पण माझ्या मते शिक्षण पक्के झाले ते त्या गरजेमुळेच. विहिरीचे पाणी किती खाली गेले, हे जिला रोज पाहावे लागते, तिला पाण्याचा धडा वेगळा द्यावा लागत नाही. सहलीची मुले पाहुणी असतात. पाहुण्याला पाणी भरावे लागत नाही, हीच अडचण.

ही वाट पुढेही चालली. साताऱ्याला कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 साली वसतिगृह काढले. तिथे निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत आणि अंगमेहनत करून शिकत. आणि आपल्या शेजारच्या शिरूर तालुक्यात, पाबळला, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली विज्ञान आश्रम सुरू केला. तिथली मुले राहून शिकतात. शेती-पशुपालन, ऊर्जा-पर्यावरण, कारखान्यातले काम, घर-आरोग्य, असे सारे हातांनी.

सर्वोच्च न्यायालयाने 1991 साली पर्यावरण शिक्षण शाळांना सक्तीचे केले. प्राथमिक वर्गांत 'परिसर अभ्यास' आहेच. पण गुरुजी, परिसर खिडकीबाहेर आणि अभ्यास खिडकीच्या आत, असे होऊ लागले आहे. भांडगावच्या मुलांना शिबिराला दूर धाडायची गरज नाही. पालकांना विचारून दोन रात्री शाळेच्या आवारातच काढाव्यात. संध्याकाळी दोरीला दगड बांधून विहिरीचे पाणी मोजावे आणि पहाटे पुन्हा मोजावे. 1972 च्या दुष्काळात ती किती आटली होती, ते गावातल्या म्हाताऱ्यांना बोलावून विचारावे. एक दिवस चौफुल्यावरून सुप्याला जावे. तेथे 1997 पासून मयूरेश्वर अभयारण्य आहे. साडेपाच चौरस किलोमीटरदेखील नाही, पण चिंकारा अजून आहे. उसाच्या आधी आपला माळ कसा दिसे, ते त्या गवतात उभे राहून मुलांना पाहू द्यावे. आणि दोन्ही दिवस पाणी मुलांनीच भरावे.