पद्मिनी डोळे का मिचकावते?

ज्यांच्याकडे अजून जुनी प्रीमियर पद्मिनी आहे त्यांना विचारून बघा, तक्रार बहुतेक एकच असते. सिग्नलला थांबलं की हेडलाइट मिणमिणतात, जरा रेस दिली की भक्कन् उजळतात. पावसात वायपर लावला की आणखी मंद. आणि मग एका सकाळी स्टार्टर नुसताच 'टक्' करतो आणि गप्प बसतो. कुणीतरी सल्ला देतं, "बॅटरी गेली, नवीन टाका." नवीन टाकतात. दोन महिन्यांनी परत तेच!

आमच्या धंद्यात असले प्रकार रोज चालतात. सर्व्हर रीस्टार्ट केला, तक्रार बंद झाली, बग मात्र जिथल्या तिथे. मला विचाराल तर पद्मिनीच्या या मिणमिणण्याचं उत्तर बॅटरीत कमी आणि इतिहासात जास्त सापडतं. म्हणून या वीकेंडला थोडा इतिहास.

वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. कारखाना कुर्ल्याला, आजच्या लालबहादूर शास्त्री मार्गाला लागून. सुरुवातीला तिथे अमेरिकेच्या क्रायसलर कंपनीच्या डॉज, प्लिमथ अशा गाड्या जोडल्या जायच्या. पुढे पन्नासच्या दशकात इटलीच्या फियाटशी करार झाला आणि फियाट 1100 आली. पद्मिनी ही त्याच घराण्यातली. मूळ गाडी तुरिनची, 1962 सालची 1100 डी. आपल्याकडे ती आधी 'डिलाइट' झाली आणि 1974 पासून 'पद्मिनी'. नाव बदललं, बोनेटखालचं 1089 सीसीचं इंजिन मात्र तेच राहिलं. आणि त्या इंजिनाच्या कुशीत बसलेला डायनॅमोसुद्धा.

सगळी गोम या डायनॅमोत आहे. डायनॅमो इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो आणि डीसी वीज तयार करतो. पण त्यासाठी त्याला वेग लागतो. इंजिन नुसतं गुरगुरत असेल, तर त्याचं व्होल्टेज बॅटरीपेक्षा खाली जातं. अशा वेळी बॅटरीतली वीज उलटी डायनॅमोत शिरू नये म्हणून रेग्युलेटरच्या डब्यातला 'कट-आउट' त्याला तोडून टाकतो. डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो आणि तिथून पुढे हेडलाइट चालतात ते निव्वळ बॅटरीवर. 45 वॅटचे दोन बल्ब धरले तरी साडेसात अँपिअर झाले. त्यात वायपर, टेललाइट, ब्रेकलाइट, हॉर्न... म्हणजे पगार बंद आणि घरखर्च चालूच!

तुरिनच्या त्या काळच्या मोकळ्या रस्त्यावर हा हिशेब जमत होता. मुंबईतही बराच काळ जमला. पण अंधेरीच्या सिग्नलला दहा मिनिटं, घाटकोपर स्टेशनबाहेर पंधरा मिनिटं, असं सुरू झालं तेव्हा डायनॅमोचा वेग गेला आणि बॅटरी खर्चाला पुरेना. गाडी बिघडली नव्हती हो, तिच्या भोवतालचं शहर बदललं होतं. सिग्नलला हेडलाइट बंद करायची टॅक्सीवाल्यांची जुनी सवय आठवते? आपण त्याला कंजूषपणा समजायचो. प्रत्यक्षात तो विजेचा जमाखर्च होता. रोजच्या भाड्याने टॅक्सी घेणाऱ्याची गाडी सकाळी चालू झाली नाही, तर त्या दिवशी भाडं अंगावर आणि कमाई शून्य.

यावरचा उपाय जगात आधीच सापडला होता. अल्टरनेटर. तो एसी वीज तयार करतो आणि सिलिकॉनचे डायोड तिची डीसी करतात. तो जास्त वेगाने फिरवता येतो, त्यामुळे इंजिन सावकाश चालत असतानाही पुरेशी वीज देतो. वीज उलटी जाऊ नये हे काम डायोडच करतात, म्हणून कट-आउटची गरजच उरत नाही. क्रायसलरने 1960 साली आपल्या व्हॅलियंट गाडीत तो बसवला. गंमत बघा, ज्या कंपनीच्या गाड्यांनी कुर्ल्याच्या कारखान्याची सुरुवात झाली, तिनेच हा बदल केला आणि कुर्ल्यात पुढली कित्येक वर्षं डायनॅमोच फिरत राहिला. कारण उघड आहे. परवाना राज होतं, गाडीसाठी लोक वर्षानुवर्षं थांबायला तयार होते. रांग संपत नसेल तर सुधारणा कुणासाठी करायची? 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली आणि लोकांना तुलना करायला दुसरी गाडी मिळाली.

आता निदानाकडे वळू. एक साधा मल्टिमीटर पुरतो. नियम एकच: आधी मोजा, मग बदला.

पहिलं, लाइट कशाबरोबर मिणमिणतो ते बघा. इंजिनाच्या वेगाबरोबर कमीजास्त होत असेल तर चार्जिंगकडे बघायचं. खड्ड्यात गाडी आदळल्यावर होत असेल तर कुठेतरी वायर ढिली आहे.

दुसरं, रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीचं व्होल्टेज. 12.6 च्या आसपास म्हणजे भरलेली, 12 च्या खाली म्हणजे रिकामी.

तिसरं, फॅन बेल्ट. अंगठ्याने दाबला की साधारण सेंटीमीटरभर दबावा. चकाकत असेल तर तो घसरतोय.

चौथं, रेस धरून परत व्होल्टेज. साधारण 13.8 ते 14.4 हवं. चढतच नसेल तर डायनॅमोचे कार्बन ब्रश झिजलेत किंवा रेग्युलेटरचे पॉइंट जळालेत. 15 च्या वर जात असेल तर रेग्युलेटर आवरत नाहीये. बल्ब उडतील, बॅटरीचं पाणी आटेल.

पाचवं, आणि हे बहुतेक जण विसरतात, अर्थिंग. हेडलाइट लावून मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी हेडलाइटच्या अर्थवर धरा. 0.2 पेक्षा जास्त दाखवत असेल तर आधी जोड घासून साफ करा. समुद्राच्या हवेत गंज चढायला वेळ लागत नाही, फ्यूजच्या टोकांनाही तोच रोग.

एक इशारा. जुने मिस्त्री चालू इंजिनात बॅटरीची वायर काढून डायनॅमो तपासायचे. पद्मिनीच्या मालकांपैकी अनेकांनी आता अल्टरनेटर बसवून घेतलाय. त्या गाडीत हा प्रयोग केला तर व्होल्टेज एकदम उसळतं आणि डायोड जळू शकतात. यंत्र बदललं की त्याची तपासणीही बदलायला हवी, हे मात्र हात लवकर शिकत नाहीत.

पद्मिनीचं उत्पादन या शतकाच्या सुरुवातीला थांबलं. टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी ताडदेव आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदली गेली आणि वीस वर्षांच्या मर्यादेमुळे ऑक्टोबर 2023 मध्ये काळीपिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. कुर्ल्याच्या कारखान्याच्या जागेवर आज कोहिनूर सिटी उभी आहे. उरल्या त्या हौसेने सांभाळलेल्या थोड्या खासगी गाड्या, आणि कानाने डायनॅमो ओळखणारे त्याहून थोडे मिस्त्री. बहुतेकांची साठी उलटून गेलीय. ओळखीत असा कुणी असेल तर एखाद्या रविवारी मल्टिमीटर घेऊन त्यांच्याशेजारी जरूर बसा. त्यांना जे ऐकू येतं, ते आपण आकड्यात उतरवून ठेवू शकतो. गाडी राहील न राहील, तेवढं तरी मागे राहील.