नौकेच्या बाह्यस्थित एंजिनातील कार्बन संचय

नौकेच्या बाह्यस्थित एंजिनातील कार्बन संचय : लहान नौकेच्या पिछाडीस बाहेरून पकडींनी बसविलेल्या व पाण्यातील पंखा फिरविणाऱ्या एंजिनास बाह्यस्थित (आउटबोर्ड) एंजिन म्हणतात. यांपैकी द्विधावी एंजिनांत इंधनाबरोबर वंगण तेलही जळते व त्याचा अवशेष कार्बनाच्या थराच्या रूपाने साचतो. हा दोष एंजिनाच्या रचनेतूनच उद्‌भवला असून त्याच्या निवारणाचे प्रयत्न हा या एंजिनाच्या इतिहासाचा महत्त्वाचा भाग आहे.

स्कॉटिश अभियंते ड्यूगल्ड क्लार्क यांनी द्विधावी एंजिनाचे एकस्व १८८१ मध्ये घेतले. इंग्लंडमधील जोसेफ डे यांनी १८९१ च्या सुमारास भुजादंडाच्या पेटीतच मिश्रणाचे प्राथमिक संपीडन करण्याची युक्ती योजिली. त्यामुळे स्वतंत्र पंपाची गरज उरली नाही. मात्र ही पेटी मिश्रणाचा मार्ग बनल्याने तीत तेल साठविणे अशक्य झाले आणि वंगण इंधनातच मिसळावे लागले. हलकेपणा आणि कार्बन संचय हे दोन्ही गुणधर्म अशा रीतीने एकाच योजनेतून निर्माण झाले. अमेरिकेतील मिलवॉकी येथे नॉर्वेत जन्मलेल्या ओले एव्हिनरूड यांनी १९०९ मध्ये १·५ अश्वशक्तीचे, सु. २८ किग्रॅ. वजनाचे एंजिन विक्रीस आणले व त्याचा झपाट्याने प्रसार झाला.

कार्बन मुख्यतः दट्ट्याचा माथा, ज्वलनकोठी, कड्यांच्या खाचा व निष्कास द्वारे यांवर साचतो. तेलाचे जादा प्रमाण, समृद्ध मिश्रण, मंद गतीने दीर्घकाळ चालविणे व एंजिन पुरेसे तापू न देणे ही त्याची प्रमुख कारणे होत. द्वारे अरुंद झाली की जळलेले वायू पूर्णपणे बाहेर पडत नाहीत व शक्ती घटते. तापलेला थर ठिणगीपूर्वीच मिश्रण पेटवू शकतो. कड्या खाचांत अडकून बसणे हे सर्वांत घातक ठरते. तप्त वायू दट्ट्याच्या कडेने खाली निसटतात, तेलाचा पातळ थर नष्ट होतो आणि दट्ट्या सिलिंडरात जखडतो. किनाऱ्यापासून दूर गेलेल्या नौकेच्या बाबतीत हा बिघाड जिवावर बेतू शकतो.

दोष शोधताना प्रथम ठिणगी गुडद्या, पंख्यात अडकलेली दोरी व कार्ब्युरेटर तपासतात. कारण यांमुळेही शक्ती घटते. नंतर प्रत्येक सिलिंडराचा संपीडन दाब मोजतात. एकाचा दाब इतरांहून बराच कमी असल्यास निष्कास बाजूचे झाकण काढून द्वारांतून कड्या दाबून पाहतात. मोकळी कडी पुन्हा वर येते, अडकलेली येत नाही. सौम्य संचय विद्रावक द्रव फवारून व काही काळ मुरू देऊन निघतो. थर कठीण झाल्यास सिलिंडराचे शीर्ष उतरवून लाकडी पट्टीने तो खरवडतात. पोलादी हत्याराने ॲल्युमिनियमाच्या पृष्ठभागावर ओरखडे पडतात.

१९५० च्या दशकात सामान्यपणे पेट्रोल व तेल २४ : १ या प्रमाणात वापरीत, १९६४ च्या सुमारास ५० : १ हे प्रमाण रूढ होऊ लागले. मोटारगाडीच्या तेलातील धातुयुक्त प्रक्षालके जळल्यावर राख मागे ठेवतात. म्हणून बाह्यस्थित एंजिनांसाठी राखरहित तेले तयार झाली. १९९० च्या दशकात टीसी-डब्ल्यू ३ हे त्यांचे मानक प्रचारात आले.

भारतात १९८० च्या दशकात केरळच्या किनाऱ्यावरील पारंपरिक मासेमारी नौकांवर ही एंजिने मोठ्या प्रमाणावर बसविण्यात आली. पेट्रोलवर सुरू करून नंतर स्वस्त केरोसिनावर ती चालविली जात. केरोसिनाचे बाष्पीभवन मंद असल्याने ज्वलन अपुरे राहते व थर लवकर साचतो. त्यामुळे इंधनातील बचतीचा काही भाग दुरुस्तीवर खर्च होई. महाराष्ट्रात मात्र यांत्रिकीकरणाचा भर मुख्यतः नौकेच्या आत बसविलेल्या डीझेल एंजिनांवर राहिला.

कार्ब्युरेटरयुक्त द्विधावी एंजिनात इंधनाचा मोठा भाग न जळताच बाहेर पडतो. अमेरिकेने १९९६ मध्ये अशा उत्सर्जनावर नियम केल्यानंतर थेट अंतःक्षेपणाची द्विधावी व चतुर्धावी एंजिने पुढे आली. एव्हिनरूड एंजिनांचे उत्पादन २०२० मध्ये थांबले. तथापि स्वस्त व दुरुस्तीस सुलभ असल्याने जुनी द्विधावी एंजिने अनेक किनाऱ्यांवर अद्यापि वापरात असून कार्बनाची नियमित सफाई हा त्यांच्या निगेचा आवश्यक भाग आहे.