खेळणी परत मागविण्याची प्रक्रिया आणि बालसुरक्षा

बाजारात आलेल्या एखाद्या खेळण्यात मुलांना अपाय होईल असा दोष आढळल्यास त्याची विक्री थांबविण्यात येते आणि ग्राहकांकडे पोहोचलेला मालही परत मागविण्यात येतो. या प्रक्रियेस ‘रिकॉल’ असे म्हणतात. विक्रीपूर्व तपासणीतून निसटलेला दोष घराघरांतून बाहेर काढण्याचा हा अखेरचा मार्ग होय.

या प्रक्रियेचे महत्त्व २००७ मध्ये ठळकपणे दिसून आले. मॅटेल या अमेरिकी कंपनीच्या फिशर-प्राइस विभागाने २ ऑगस्ट रोजी चीनमध्ये तयार झालेली सुमारे १५ लाख खेळणी परत मागविली. त्यांच्या रंगात शिशाचे प्रमाण मर्यादेपेक्षा अधिक असण्याची शक्यता होती. लहान मुले खेळणी तोंडात घालतात. त्यातून शिसे पोटात गेल्यास मेंदूच्या वाढीवर कायमचा परिणाम होऊ शकतो.

त्यानंतर १४ ऑगस्ट रोजी मॅटेलने लोहचुंबक असलेली सुमारे १ कोटी ८२ लाख खेळणी परत मागविली. निखळलेले दोन चुंबक गिळले गेल्यास ते पोटात एकमेकांकडे ओढले जातात आणि मध्ये सापडलेल्या आतड्याला छिद्र पडू शकते. परत मागविलेल्या बहुसंख्य खेळण्यांतील दोष कारखान्यातील नसून आराखड्यातील होता, हे कंपनीने सप्टेंबरमध्ये मान्य केले.

या घटनांनंतर अमेरिकेत १४ ऑगस्ट २००८ रोजी नव्या कायद्यावर स्वाक्षरी झाली. रंगातील शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ६०० वरून ९० भागांवर आणण्यात आली. त्रयस्थ प्रयोगशाळेतील तपासणी बंधनकारक झाली. उत्पादनाचे ठिकाण, तारीख आणि बॅच समजेल अशी कायमची खूणही आवश्यक ठरली. त्यामुळे सदोष माल नेमका ओळखता येतो.

भारतात १ जानेवारी २०२१ पासून, हस्तकलेसारखे काही अपवाद वगळता, १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण धोकादायक वस्तू परत मागविण्याचा व ग्राहकांना किंमत परत देण्याचा आदेश देऊ शकते.

मात्र, आदेश निघूनही खेळणे घरातच राहिल्यास धोका टळत नाही. म्हणूनच पालकांनी पावती व बॅच क्रमांक जपून ठेवणे, सूचना मिळताच खेळणे मुलांपासून दूर करणे आणि ते अन्य कोणासही वापरण्यास न देणे आवश्यक ठरते.