दगडाची जात आणि जुन्या विहिरी

जुनी विहीर बुजवायला काढलीय, तिचा घडीव दगड विकून टाकावा का, असं या महिन्यात दोघा-तिघांनी फोनवर विचारलं. बंगल्याच्या कंपाउंडला जुना दगड लावायची फॅशन आलीय, त्यामुळं गिऱ्हाईक दारात येतंय. पण तो दगड कसला आहे ते आधी बघायला पाहिजे, म्हणून जरा लांबून सुरुवात करतो.

आपल्या दौंड-शिरूरच्या जमिनीखाली एकच खडक, बेसाल्ट. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा आला, थरावर थर पसरला आणि निवला. खडक एकच असला तरी त्याच्या जाती वेगळ्या. थराचा मधला भाग सावकाश निवला, तो गच्च झाला. तो काळा पाषाण. वरच्या भागात वाफेचे बुडबुडे अडकले, तिथं भोकं राहिली, पुढं त्यात पांढरे खडे भरले. त्याला आपले विहीर खोदणारे मांजऱ्या म्हणतात. शिरूर रस्त्यावरच्या वाघोलीच्या खाणीत अशाच पोकळ्यांत कॅव्हनसाइट नावाचे निळे खडे सापडले, ते जगभरच्या संग्रहालयांत आणि शौकिनांकडं गेलेत. आपण मात्र त्या दगडाची खडी करून रस्त्यावर टाकतो! दोन थरांच्या मध्ये काही ठिकाणी तांबडा गेरू लागतो. तो बोटानं चुरतो, त्याच्यावर पाया धरायचा नाही.

आता जुन्या लोकांना हे कळत होतं का? यवतजवळच्या डोंगरावर भुलेश्वराला जाऊन बघा. देऊळ यादवकाळातलं, साधारण 13व्या शतकातलं. गाव माळशिरस, तालुका पुरंदर, पण आपल्या लोकांचा राबता कायम. आसपासचा डोंगर तपकिरी दगडाचा आहे आणि आतलं कोरीव काम काळ्या दगडाचं. पायाखाली फुकटचा दगड असताना काळा दगड बाहेरून आणून डोंगरावर चढवलाय. एक घनफूट काळा दगड भरतो साधारण 80 किलो. खांबाएवढा तुकडा वर न्यायला काय लागलं असेल, ते बैलगाडी हाकलेल्या माणसाला सांगायला नको. कारण सरळ आहे. मांजऱ्यात नाक-डोळे कोरायला गेलं की छिन्नी भोकात जाते आणि कड तुटते. काळ्यात रेघ मारली की रेघच राहते. मूर्तींची नाकं-हात तुटलेत ते माणसांनी तोडलेत, पावसानं नाही.

पाण्यातला दगड बघायचा असेल तर उजनीत बघा. पळसदेवचं जुनं देऊळ धरणात गेलं. पाणी खाली गेलेल्या वर्षी उन्हाळ्यात ते उघडं पडतं. दरसाल ओलं होणं, वाळणं, लाटा, गाळ हे सगळं सोसून दगडी भाग उभा आहे. काळा पाषाण पाणी पीतच नाही म्हटलं तरी चालेल.

पुण्याचा शनिवारवाडा 1730 ला सुरू झाला आणि 1732 ला वास्तुशांत झाली. त्याला दगड चिंचवडच्या खाणींचा, चुना जेजुरीकडचा आणि साग जुन्नरच्या जंगलातला असं सांगतात. खाली दगड, वर विटा आणि लाकूड अशी रचना होती. 1828 ला आग लागली, तेव्हा वरचं सगळं गेलं. जोती आणि तट राहिले. पेशव्यांनाही सगळा वाडा दगडात परवडला नाही की गरज वाटली नाही, कोण जाणे, पण भार आणि ओल जिथं येते तिथं दगड हा हिशोब सगळीकडं दिसतो.

दुसरीकडं वेगळा हिशोब. कोकणात जांभा. खाणीतून ओला असताना तासून काढतात, हवा लागली की टणक होतो. आपल्या काळ्याला असं कापायला गेलं तर पाथरवटाचा दिवस एका चिऱ्यात जातो. मुंबईत इंग्रजांनी मोठ्या इमारतींना मालाडचा पिवळसर दगड वापरला. तोही ज्वालामुखीचाच, पण घडवायला सोपा.

आता आपल्या विहिरी. भीमाकाठी वर काळी माती आणि गाळ, मग मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा. बांधकाम वरच्या मातीपुरतंच करायचं, खडक लागला की तो स्वतःच भिंत. झरा बहुतेक मांजऱ्यातून आणि खडकाच्या भेगांतून येतो. म्हणजे जो दगड बांधायला कच्चा तोच पाणी धरायला चांगला. गच्च काळ्यात भेग नसेल तर कितीही सुरुंग लावा, कोरडंच.

शेजारच्या एका बांधाला ठेकेदारानं निम्मा मांजऱ्या डबर भरला. पहिल्या वर्षी सगळा सारखाच दिसत होता. चौथ्या पावसाळ्यात पांढरे खडे निखळले, भोकं मोठी झाली आणि एका बाजूनं दगड चुरायला लागला. दगड घेताना हातोडी मारा. काळा खणखणतो, कच्चा बद आवाज देतो. ताजा फुटलेला भाग बघा, त्यात पांढरे ठिपके दाट असतील तर जोत्याला नको. एक तुकडा रात्रभर पाण्यात ठेवून आधी आणि नंतर वजन करा. चांगल्या काळ्याच्या वजनात जाणवण्यासारखा फरक पडत नाही.

तर विकावा का? विहिरीला अजून पाझर असेल तर हात लावू नका. वरची माती त्या दगडानं धरलीय. तो काढला की पहिल्याच मोठ्या पावसात काठ आत येणार, सोबत शेजाऱ्याचा बांधही. पाझर आटला असेल तर बुजवण्याआधी गाळणी करून ओढ्याचं पाणी आत सोडता येतंय का ते बघा. बुजवायचीच ठरली तर दगड आपल्याच गोठ्याच्या जोत्याला लावा. आज असा चारी बाजूंनी घडवलेला दगड नव्यानं करून घ्यायचा म्हटलं तर टाकी चालवणारा पाथरवट आधी शोधावा लागतो, आणि मिळाला तरी त्याची मजुरी गिऱ्हाईक देतंय त्या भावात बसत नाही. विकायचाच असेल तर ट्रॉलीवर देऊ नका, नगावर द्या. ट्रॉलीत घडीव आणि डबर एकाच भावात जातो.